वसंतही तोच, काळही तोच



चैत्र लागला. सृष्टीने जुनी वस्त्रे टाकली आणि नवी ल्यायली. आमची शनिवार पेठ म्हणजे काही रान नव्हे. येथे आता वाडे पाडून चार-पाच मजली इमारती उभ्या राहिल्या आहेत, रस्त्याला गाड्यांची रीघ असते. तरीही मेहुणपुऱ्यातून ओंकारेश्वराकडे सकाळच्या प्रहरी चालत निघाले, की वसंत आपली हजेरी लावल्यावाचून राहत नाही. पिंपळाला तांबूस, कोवळी, तेल लावल्यासारखी चकचकीत पालवी आलेली असते. कडुनिंब बारीक पांढऱ्या फुलांनी भरून गेलेला असतो आणि त्याचा तो कडसर गोड वास नाकात शिरतो. कुठल्या तरी गच्चीवर मोगऱ्याची कुंडी असते, आणि कोणाच्या तरी परसातल्या उरल्यासुरल्या आंब्यावर कोकिळ ओरडत असतो. त्याला पेठ काय नि वन काय! ऋतू आला की त्याने गायचे.

पंचांगाच्या हिशेबाने चैत्र आणि वैशाख हे दोन महिने वसंताचे. पण वसंत पंचांग पाहून येत नाही. माघ शुद्ध पंचमीलाच त्याची वर्दी येते, म्हणून तिला वसंतपंचमी म्हणायचे. त्या दिवशी पंढरीत विठ्ठल-रुक्मिणीचा विवाहसोहळा होतो, आणि तेथून रंगपंचमीपर्यंत आपला सावळा देव पांढरा पोशाख करून त्यावर रंगाची उधळण मिरवतो. फाल्गुनात डोंगराकडे पाहावे तर पळस, पांगारा, काटेसावर यांना पान म्हणून नाही आणि फूल मात्र मावत नाही. अमरकोशात वसंताला 'पुष्पसमय' असे नाव दिले आहे, 'सुरभि' असेही दिले आहे. नावेच अशी, की उच्चारली तरी सुवास यावा.

आता प्रश्न असा, की आपण माळकरी माणसांनी या वसंताचे करायचे काय?

याला दोन उत्तरे पुष्कळ काळापासून चालत आली आहेत, आणि दोन्ही अपुरी आहेत. पहिले उत्तर भोगी मनुष्याचे. तो म्हणतो, बहर आहे तोवर लुटा, उद्या कोणी पाहिला! ऐकायला गोड, पण लुटणाऱ्याचे मन कधी स्वस्थ असते काय? हातात फूल असते आणि मनात ते सुकेल ही धास्ती असते. त्याला फूल मिळत नाही, धास्ती तेवढी मिळते. दुसरे उत्तर कोरड्या वैराग्याचे. ते म्हणते, हे सगळे क्षणभंगुर आहे, मायिक आहे, याकडे पाहू नका. अहो, पण डोळे कोणी दिले? ज्याने फूल केले त्यानेच डोळा केला, आणि दोहोंची गाठ त्यानेच घातली. घरधन्याने पान वाढावे आणि पाहुण्याने तोंड फिरवून बसावे, याला काय वैराग्य म्हणावे? तो घरधन्याचा अपमान झाला.

मग आपले उत्तर कोणते? त्यासाठी गीतेचा दहावा अध्याय उघडू या. अर्जुनाने विचारले, देवा, तुझे चिंतन आम्ही कोणकोणत्या ठिकाणी करावे? तेव्हा भगवंताने आपल्या विभूती सांगितल्या. महिन्यांमध्ये मार्गशीर्ष आणि ऋतूंमध्ये वसंत मी आहे, असे तेथे पस्तिसाव्या श्लोकात सांगितले आहे. हे आपण सर्वांनी ऐकलेले असते, कीर्तनातून सांगितलेही जाते. पण त्याच्या मागचे दोन श्लोक कोणते, याकडे आपले लक्ष जात नाही. तेहतिसाव्या श्लोकात भगवान म्हणतात, अक्षय काळ तो मी. चौतिसाव्यात म्हणतात, सर्वांचे हरण करणारा मृत्यू तो मी. आणि लगेच पुढच्या श्लोकात म्हणतात, वसंत मी.

पाहा हा क्रम! काळ, मृत्यू आणि वसंत. तिघे एका ओळीत बसले आहेत, जसे पंगतीला एकाच घरचे भाऊ बसावेत. आपण मात्र त्यांची फाटाफूट करून टाकली आहे. वसंत आला की म्हणतो देव पावला, आणि काळाने काही नेले की म्हणतो देव कोपला. ज्या मुखाने वसंत मी असे सांगितले, त्याच मुखाने पुढे अकराव्या अध्यायात लोकांचा ग्रास करणारा काळ मी, असेही सांगितले. मोहर देणारा हात आणि मोहर झाडणारा हात असे दोन हात नाहीत; हात एकच आहे. ही गोष्ट एकदा मनात ठसली, की वसंत पाहण्याची दृष्टीच पालटते.

आमचे गुरुजी लहानपणी यास्काचार्यांचे निरुक्त शिकवीत, तेव्हा त्यातले सहा भावविकार पाठ करून घेत. जन्मणे, असणे, वाढणे, बदलणे, झिजणे आणि नाहीसे होणे. जे जे म्हणून जन्माला आले त्याला ह्या सहा पायऱ्या चढाव्या-उतराव्या लागतात. पुढे वेदान्ताचा अभ्यास झाला, भाष्ये ऐकली. पण हे सहा विकार खरे कळावेत ते आंब्याच्या झाडाखाली. माघात मोहर फुटतो, तो जन्म. फाल्गुनात झाड मोहराने लवते, ती वाढ. एकेका तुऱ्यावर शेकड्यांनी फुले असतात. त्यांतली बहुतेक गळून जातात आणि एकदोन कैऱ्या धरतात. खाली पाहावे तर मातीवर पिवळसर भुगा पडलेला असतो. अडाणी म्हणेल, केवढे वाया गेले! पण झाडाला विचारा. ते म्हणेल, फूल गेले नाही हो, कैरी झाली. कैरी गेली नाही, आंबा झाली. आंबा गेला नाही, बाठ्यात जाऊन बसला. आपण ज्याला 'गेले' म्हणतो त्याला सृष्टी 'झाले' म्हणते. मोहर गळला नसता तर वैशाखात रस कसला वाढला असता?

कोणी म्हणेल, बुवा, झाडाचे ठीक आहे. माणसाने बांधलेले तर टिकावे? तर त्याचेही उत्तर आमच्या पेठेच्या दारात उभे आहे. शनिवारवाड्याची पायाभरणी थोरल्या बाजीराव पेशव्यांनी १० जानेवारी १७३० रोजी केली, आणि २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली. सागवानी खांब, कोरीव महिरपी, चित्रांनी रंगवलेल्या भिंती, आणि सवाई माधवरावांच्या बाळपणीच्या कौतुकासाठी केलेले कमळाच्या आकाराचे हजारी कारंजे. येथे फाल्गुनात रंग खेळला जाई तेव्हा त्या वैभवाकडे पाहून कोणाला वाटले असेल, की हे जाणार आहे? ते बालपेशवे तरुण वयातच, १७९५ साली, त्याच वाड्यात महालावरून कोसळून मरण पावले. १७ नोव्हेंबर १८१७ रोजी वाड्यावरचे निशाण बदलले. पुढे २७ फेब्रुवारी १८२८ रोजी, वसंताच्या तोंडावर, वाड्याला आग लागली आणि ती सात दिवस जळत राहिली असे सांगतात. लाकूड होते ते राख झाले. दिल्ली दरवाजा, तटबंदी, दगडी जोती आणि कारंज्याचा हौद तेवढा उरला.

आज तेथे बाग आहे. जेथे दरबार भरत होता तेथे हिरवळ आहे. लहान मुले जोत्यांवरून पळतात आणि वसंतात तेथील झाडांनाही पालवी फुटते. ती पालवी काही विचारीत नाही, की येथे पूर्वी कोण राहत होते.

तेथून नदीकडे चालत या. ओंकारेश्वराचे देऊळ पेशवाईतले. आवारात वसईचा विजय मिळविणाऱ्या चिमाजीअप्पांची समाधी आहे. देवळाशेजारी पूर्वी शहराचे स्मशान होते. आमच्या वडिलांच्या पिढीतील मंडळी सांगत, की पहाटे देवळात घंटा वाजे आणि पलीकडे कोणाची तरी रक्षा सावडणे चाललेले असे. देव आणि स्मशान यांच्यामध्ये फक्त एक भिंत! आता स्मशान हलले, पण शिकवण हलली नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्यापाठोपाठ खडकवासल्याचेही फुटले आणि मुठेचे पाणी या पेठांतून शिरले. माती-विटांचे वाडेच्या वाडे बसले. एका दुपारी पिढ्यांचे संसार वाहून गेले. आणि पुढच्या वर्षी? पुढच्या वर्षी चैत्र आला. ज्यांची घरे गेली होती त्यांनीही, जेथे असतील तेथे, काठीला खण आणि तांब्या बांधून गुढी उभी केली असेल. माणसाच्या जातीचे हे केवढे बळ आहे! तिला ठाऊक असते, की काळ नेतो. आणि हेही ठाऊक असते, की काळच पाडवा घेऊन येतो.

असो. आता एक प्रसंग सांगतो. या विषयाला हात घालण्याचे कारणही तोच.

गेल्या वर्षी चैत्रात नदीकाठच्या एका देवळात आमची सेवा झाली. कीर्तन संपले, बुक्का लावून झाला, मंडळी पांगली. एक बाई मागे थांबल्या होत्या. वय साठीच्या आतबाहेर, गळ्यात तुळशीची माळ. जवळ येऊन म्हणाल्या, "महाराज, एक विचारू का? रागावणार नाही ना?"

आम्ही म्हटले, "बोला माउली."

त्या म्हणाल्या, "मागच्या चैत्रात हे गेले. गच्चीत मोगऱ्याची कुंडी आहे, त्यांनीच लावलेली. वर्षभर मी नुसतं पाणी घातलं. यंदा इतका फुललाय, इतका फुललाय, की संध्याकाळी घरभर वास येतो. आणि तो वास आला की मला बरं वाटतं हो, महाराज. आणि बरं वाटलं की लगेच मेल्याहून मेल्यासारखं होतं. ते नाहीत, आणि मला फुलाचा वास गोड लागतो! शेजारची म्हणाली, कुंडी देऊन टाका कोणाला तरी. देऊ का?"

वाचकहो, शास्त्रातले प्रश्न पुष्कळ लोक विचारतात. माया सत् की असत्, जीव एक की अनेक. त्यांची उत्तरे पोथीत असतात. पण हा प्रश्न पोथीतला नव्हता. हा गच्चीवरचा प्रश्न होता. आणि खरे सांगायचे तर सगळे वेदान्तशास्त्र ज्याच्यासाठी उभे राहिले, तो हाच प्रश्न आहे. ज्याने माझे नेले, त्याने दिलेले मी गोड मानून घ्यावे काय?

आम्ही त्यांना म्हटले, "कुंडी देऊ नका. तुमचे यजमान रोप लावताना काय म्हणाले होते?"

त्या जरा थांबल्या. मग म्हणाल्या, "म्हणाले होते, विठोबाला घरचा हार होईल."

"मग झाला का हार?"

"नाही. ते गेल्यावर मी कुठली करते?"

"तर मग आता करा. माणूस गेला, त्याचा संकल्प राहिला आहे. तो तुमच्या हाती दिलेला आहे. संध्याकाळी कळ्या तोडा, हार गुंफा आणि देवाला घाला. आणि पुजाऱ्यांनी प्रसादाचे फूल दिले तर ते नको म्हणू नका. वास घ्या, हवे तर केसांत माळा."

त्या दचकल्या. म्हणाल्या, "मी? केसांत? लोक काय म्हणतील?"

आम्ही म्हटले, "बाई, ते फूल आता मोगऱ्याचे राहिले नाही, प्रसाद झाले. प्रसादाला सधवा-विधवा हा भेद नाही. पंढरीच्या वाळवंटात असला भेद आमच्या संतांनी ठेवलेला नाही. तो तुम्ही गच्चीवर कशाला ठेवता?"

पुढच्या एकादशीला त्या आल्या. ओंजळभर फुलांचा हार होता. देवाला घातला. पुजाऱ्यांनी दोन फुले हातावर ठेवली. त्यांनी ती डोळ्यांना लावली, बराच वेळ हुंगली. एक जवळ उभ्या असलेल्या लहान मुलीला दिले आणि एक मागे अंबाड्यात खोवले. डोळे पाण्याने भरलेले होते, पण ते पाणी निराळे होते. आम्ही काही बोललो नाही. अशा वेळी बुवांनी बोलू नये हे उत्तम.

यातले मर्म ध्यानात घ्या. फूल तेच, वास तोच, बाई त्याच. स्वतःसाठी घेतले तेव्हा अपराध वाटला, टाकून द्यावे तर ज्याने लावले त्याचा विसर पडला असता. देवाकडून घेतले तेव्हा ते प्रसाद झाले. भोग आणि त्याग यांच्यामधली जी तिसरी वाट आहे ती ही. अर्पण करून घ्यावे. मग वसंत पुरेपूर भोगा, त्याचे बंधन नाही.

आता आपल्या संप्रदायाकडे पाहा. वसंताचा आणि काळाचा मेळ आपल्या संतांनी कसा घातला आहे! फाल्गुन वद्य द्वितीयेला देहूत तुकोबारायांची बीज. दुपारी बाराच्या सुमाराला नांदुरकीच्या झाडाखाली लक्षावधी डोळे वर लागलेले असतात, फुले उधळली जातात. ते झाड हलले असे भाविक सांगतात. बाहेर पळस पेटलेला असतो आणि आत वैकुंठगमनाचा सोहळा चाललेला असतो. चार दिवस जात नाहीत तो पैठणला नाथषष्ठी. १५९९ साली फाल्गुन वद्य षष्ठीला नाथमहाराजांनी गोदावरीत देह ठेवला. चैत्र वद्य त्रयोदशीला तेरला गोरोबाकाकांची पुण्यतिथी. वैशाख वद्य पंचमीला मंगळवेढ्याला चोखोबांची. १३३८ साली कुसू बांधताना ते कोसळले आणि त्याखाली तो महाभागवत गेला. म्हणजे फाल्गुनापासून वैशाखापर्यंत, सृष्टी फुलत असते त्याच दिवसांत आपण संतांचे प्रयाण आठवीत असतो. कोणी म्हणेल हा योगायोग. असेना का! पण वारकऱ्याच्या मनाला त्याने वळण लावले. आपण पुण्यतिथीला रडत बसत नाही. काला करतो, लाह्या-दही वाटतो, एकमेकांच्या पाया पडतो. जाणे हाही उत्सव होऊ शकतो, हे आपल्याला शिकवावे लागत नाही. लहानपणी काल्याच्या गर्दीत आईच्या कडेवर बसूनच आपण ते शिकलेले असतो.

आणि ती चंदनउटी! पाडव्यापासून मृग नक्षत्र लागेपर्यंत पंढरीत देवाला दुपारी चंदनाची उटी लावतात. उन्हाळ्याचा ताप देवाला होऊ नये, हा भाव. आळंदीतही पाडव्याला माउलींच्या समाधीवर उटी चढते. चंदन उगाळायला हात दुखतात, किती वेळ लागतो! आणि लावलेली उटी किती वेळ राहते? काही तास. वाळते, उतरते, प्रसाद म्हणून वाटली जाते. दुसऱ्या दिवशी पुन्हा सहाण, पुन्हा खोड, पुन्हा पाणी. कोणी सेवेकरी असे म्हणतो काय, की कालची टिकली नाही, आज कशाला? टिकवण्यासाठी लावलेलीच नसते ती. गारवा देण्यासाठी लावलेली असते. आपले आयुष्यही असेच देवाच्या अंगाला लागावे आणि प्रसाद होऊन उतरावे. खोड झिजणारच आहे. सहाणेवर झिजले तर सुगंध, कोपऱ्यात पडून झिजले तर वाळवी.

आमच्या घरोघरच्या आयाबायांना हे शास्त्र न शिकताच कळलेले आहे. चैत्र शुद्ध तृतीयेला चैत्रगौर पाळण्यात बसते. ती माहेरवाशीण. तिच्यासाठी आंब्याची डाळ, कैरीचे पन्हे, भिजवलेले हरभरे. अंगणात चैत्रांगणाची रांगोळी. अक्षय्य तृतीयेला महिना पुरा होतो आणि गौर जाते. जाणार आहे हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असते, म्हणून तर लाड! कायमची राहिली असती तर पन्हे केले असते काय? पाडव्याची गुढीही सूर्यास्ताच्या आत उतरवायची असते. सकाळी उभारताना जो आनंद, तोच संध्याकाळी अक्षता टाकून उतरवताना असावा. आणि पाडव्याला पहिला घास कडुनिंबाचा, गुळासंगे. वर्षाच्या पहिल्याच दिवशी काळ आपल्या जिभेवर हात ठेवून सांगतो, दोन्ही रस येणार आहेत.

काळ हा शब्द मोजणे या अर्थाच्या धातूपासून सांगतात. आपण काळ मोजतो असे आपल्याला वाटते. वास्तविक तो आपल्याला मोजीत असतो. आपल्या पूर्वजांनी काय बारीक हिशेब केला होता! अठरा निमिषांची एक काष्ठा, तीस काष्ठांची एक कला, तीस कलांचा एक मुहूर्त, तीस मुहूर्तांचा एक अहोरात्र. गुणाकार करा, एका दिवसरात्रीत ४,८६,००० निमिषे होतात. निमिष म्हणजे पापणीची उघडझाप. एवढी भांडवलाची पुंजी रोज सकाळी राजालाही मिळते आणि हमालालाही मिळते, आणि दुसऱ्या दिवशीसाठी त्यातली एकही शिल्लक टाकता येत नाही.

पाडव्याला पंचांगातून संवत्सराचे नाव वाचतात. साठ संवत्सरांचे चक्र आहे. त्यातले पहिले प्रभव आणि शेवटचे क्षय. प्रभव म्हणजे उत्पत्ती, क्षय म्हणजे नाश. आणि क्षय झाला की पुन्हा प्रभव. आम्ही ज्या संवत्सरात जन्मलो त्या नावाचे संवत्सर फिरून येऊन गेले. म्हणजे काळाने आमच्याभोवती एक प्रदक्षिणा पुरी केली. दुसरी पुरी होणार नाही, हे सांगायला ज्योतिषी नको. पण त्याचे वाईट वाटण्याचे कारण नाही. रूढ गणनेप्रमाणे माउलींना अवघी एकवीस वर्षे मिळाली. १२९० साली नेवाशाला भावार्थदीपिका सांगून झाली, १२९६ साली समाधी. त्यांना चक्राची तिसरी भागाहून थोडी अधिक वाट मिळाली, आणि आपण ज्यांना पूर्ण चक्र मिळाले ते अजून त्या ग्रंथाची पारायणे करीत आहोत! आयुष्याची लांबी मोजून काही कळत नाही. खट्वांग राजाला तर मुहूर्तभर आयुष्य उरले होते, म्हणजे आपल्या घड्याळाने अठ्ठेचाळीस मिनिटे. तेवढ्यात त्याने सर्व सोडून हरीला धरले आणि तो तरला, असे शुकाचार्य परीक्षितीला सांगतात. परीक्षितीला सात दिवस होते. त्याने ते सात दिवस, 'अरेरे, सातच उरले' म्हणत घालवले नाहीत, ऐकत घालवले.

म्हणून वसंताचा खरा वैरी काळ नव्हे. खरा वैरी म्हणजे 'पुढच्या वर्षी' हा शब्द. यंदा मुलीचे लग्न आहे, चैत्री वारी पुढच्या वर्षी. यंदा गुडघा दुखतो, पारायण पुढच्या वर्षी. म्हाताऱ्या आईला आळंदीला उटीचे दर्शन घडवायचे आहे, पण यंदा कचेरीत काम फार आहे, पुढच्या वर्षी नक्की. अहो, पुढच्या वर्षी वसंत येईल, यात शंका नाही. आंबा मोहरेल, कोकिळ ओरडेल, देवाला उटी लागेल. प्रश्न वसंताचा नाहीच. प्रश्न आईचा आहे, आणि प्रश्न आपला आहे. आईच्या डोळ्यांतला मोतीबिंदू तुमच्या रजेची वाट पाहत थांबत नाही.

तर मग करावे काय? फार नाही सांगत, साध्याच गोष्टी सांगतो. सकाळी देवाला फूल वाहण्याआधी क्षणभर त्या फुलाकडे पाहा. आपण पुष्कळदा न पाहताच वाहतो. न पाहिलेले वाहणे म्हणजे पत्ता न लिहिता टाकलेले पत्र. पाहा आणि म्हणा, देवा, हे तुझेच रूप तुलाच देतो. चालता चालता पालवी दिसली तर तोंडाने रामकृष्णहरि चालू ठेवा. नामाला वसंताचे वावडे नाही. घरात जे वृद्ध असतील, त्यांना एक संध्याकाळ नदीकाठी, टेकडीवर, निदान गच्चीत नेऊन बसवा आणि त्यांच्याबरोबर गप्प बसा. जे कोणी गेले असतील त्यांचा एखादा अपुरा राहिलेला संकल्प आठवा आणि या वसंतात तो पुरा करा. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली. शहाण्या माणसांनाही वाटले, की हे दिवस नुसते उकाड्याची तक्रार करीत घालवू नयेत. मग आपण तर नामाचे धनी!

शेवटी एकच गोष्ट सांगून सेवा पुरी करतो. श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधात अठराव्या अध्यायात ग्रीष्माचे वर्णन येते. ग्रीष्म हा ऋतू देहधाऱ्यांना फारसा प्रिय नाही, हे व्यासांनी लपवलेले नाही. पण पुढे ते सांगतात, की वृंदावनात मात्र तो ग्रीष्मही वसंतासारखाच भासत होता. का? झरे होते, हिरवळ होती, वारा गार होता, हे सगळे खरे. पण मुख्य कारण असे दिले आहे, की तेथे बलरामासह साक्षात भगवान केशव राहत होते. तिथी बदलली नव्हती, सूर्य बदलला नव्हता. वस्तीला कोण आहे, यावर ऋतू ठरला.

मंडळी, बाहेरचा वसंत दोन महिन्यांचा. तो पाहुणा आहे. त्याचे आगतस्वागत मनापासून करा आणि जाताना हळदीकुंकू लावून निरोप द्या. त्याला अडवू नका, त्याच्याकडे पाठही करू नका. वैशाख सरेल, मृगाचा पाऊस पडेल, ज्येष्ठात पालख्या निघतील आणि याच पेठांतले आपण सारे दर्शनाच्या रांगेत उभे राहू. उभे राहणाऱ्यांत काही गेल्या वर्षीचे नसतील, काही नवे असतील. पण ज्याच्या हृदयात तो विटेवरचा येऊन राहिला, त्याच्या घरी ज्येष्ठाचे ऊन असो, पौषाची थंडी असो की आयुष्याची संध्याकाळ असो, चैत्राची पालवी कधी झडायची नाही. तो वसंत आपणा सर्वांना लाभो, एवढेच त्या रुक्मिणीवराच्या चरणी मागणे.

पुंडलीक वरदा हरि विठ्ठल!